बर्फात नेलेला नमुना

हा आजार आहे की नाही, इथूनच माझा गोंधळ सुरू होतो. ताप नाही, खोकला नाही, कुठे दुखत नाही. रोज उठून कामावर जात होतो, दोन वेळा जेवत होतो, रविवारी मैदानावर बॅट फिरवत होतो. तरी माझ्या नावाची जाडजूड फाइल तयार झाली, गोळ्या झाल्या, एक ऑपरेशन झालं, आणि आमच्या घरात कितीतरी महिने कुणी मोठ्याने हसलं नाही. आजारी माणसाला बघायला लोक येतात, शहाळं आणतात. मला कुणी शहाळं आणलं नाही, कारण घराबाहेर कुणाला सांगितलंच नव्हतं.

मूल होत नाही म्हणून बायकांना सल्ला देणारं लिखाण ढीगभर मिळतं. पुरुषाने स्वतःबद्दल लिहिलेलं मी खूप शोधलं, हाती फारसं काही लागलं नाही. म्हणून हे लिहितोय. यात सल्ला थोडा आहे, आणि तोही बहुतेक काय करू नये याचाच.

*

मी मूळचा निपाणीचा. बेंगळुरूला येऊन बरीच वर्षं झाली. देवनहळ्ळीला विमानतळाच्या मालविभागात नोकरी करतो. गुलाब, शेवंती, द्राक्षं, भाज्या असा परदेशी जाणारा नाशवंत माल गार ठेवून, गारच विमानात चढवायचा, हे माझं काम. बायको अश्विनी बेळगावची, यलहंक्याच्या शाळेत गणित शिकवते. आमचं घर देवनहळ्ळीच्या अलीकडे एका नव्या लेआउटमध्ये आहे. आमच्या गॅलरीसमोर अजून थोडी द्राक्षबाग शिल्लक आहे, बाकी सगळे प्लॉट.

लग्नानंतर काही वर्षं आम्हीच थांबलो होतो. मग थांबायचं बंद केलं, तरी काही होईना. रीतीप्रमाणे आधी अश्विनीच्या तपासण्या झाल्या. रक्त, सोनोग्राफी, आणि गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघायची ती एक तपासणी. त्या दिवशी ती टेबलावरून उतरली तेव्हा तिच्या ओठांना रंग नव्हता. सगळं ठीक निघालं. मग क्लिनिकमधल्या डॉक्टरबाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "यांची टेस्ट केलीच नाही?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. दोन शिकलेली माणसं, आणि हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

*

तपासणी मल्लेश्वरमच्या एका लॅबमध्ये होती. त्यासाठी एक खोली असते. त्या खोलीत रेक्झिनची खुर्ची, भिंतीवर धबधब्याचं कॅलेंडर आणि कडी लावली तरी खडखडणारं दार. माझ्या हातात नाव लिहिलेली प्लास्टिकची डबी. बाहेर लॅबचा अटेंडर. दर थोड्या वेळाने तो दारावर टकटक करून विचारायचा, "आय्ता सार?" म्हणजे, झालं का साहेब. विचारणारा अगदी सज्जन, आवाजात कुठे थट्टा नाही. पण त्याने दुसऱ्यांदा विचारल्यावर माझ्याकडून काही होणं शक्य नव्हतं. मी रिकामी डबी घेऊन बाहेर आलो.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काही हरकत नाही सर, घरून आणा. फक्त तासाभरात पोचलं पाहिजे, आणि नीट आणा."

आता, नीट आणा हे कुणाला सांगितलं? ज्याचा सगळा जन्म माल नीट पोचवण्यात चाललाय त्याला. दोन दिवसांनी सकाळी मी थर्माकोलचा छोटा खोका काढला, फ्रीजरमधले जेल पॅक आत चारी बाजूंनी लावले, मधे फडक्यात गुंडाळून डबी ठेवली, वरून टेप मारली. पॅकिंग बघून मलाच बरं वाटलं. अश्विनी खोका मांडीवर घेऊन गाडीत बसली. हेब्बाळच्या पुलावर नेहमीप्रमाणे गाड्या तुंबलेल्या. तिने खोक्याला हात लावून बघितला.

"एवढं गार चालतंय काय रे?"

"जिवंत माल गारच ठेवतात," मी म्हणालो. तिला पुढे बोलायला जागाच ठेवली नाही.

आम्ही वेळेत पोचलो. मी खोका काउंटरवर ठेवला तेव्हा मला कुठेतरी शाबासकीची अपेक्षा होती, हेही सांगून टाकतो.

*

रिपोर्टचा दिवस. डॉक्टरबाई कॉम्प्युटरकडे बघत बोलत होत्या. शुक्राणू कमी आहेत. आणि जे आहेत त्यातले हलणारे जवळजवळ नाहीतच. अशा रिपोर्टवर नैसर्गिक गर्भधारणा कठीण, प्रयोगशाळेतसुद्धा खात्री देता येत नाही, तर तुम्ही डोनरचा विचार करून ठेवा. पुढची पाळी आली की इंजेक्शनं सुरू करू, तोवर ठरवून सांगा. हे सगळं त्यांनी अगदी मऊ आवाजात सांगितलं. मी मान हलवत होतो. शेवटी मी विचारलं, "पार्किंगचं तिकीट इथेच द्यायचं का?"

गाडीत बसल्यावर मी अश्विनीकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटका होती. इतकी वर्षं सगळ्यांच्या नजरा सोसल्या आणि आता कळलं, आपलं काही चुकलेलं नाही. लगेच तिने तो चेहरा आवरला आणि माझा हात धरला. मला भयंकर राग आला. तिचा आला की माझा, ते मला आजही सांगता येणार नाही. मी हात सोडवून गिअर टाकला.

हलत नाहीत. हे दोन शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. मी स्वतः चालतो, पळतो, जिने चढतो, आणि आतमध्ये मात्र सगळे मरून पडलेत. माझ्यानंतर माझ्यासारखं कुणी नसणार, आणि ते ठरवायला माझ्याकडे एक पाळी एवढा वेळ.

*

मग मी वाचायला लागलो. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, कोल्ड रूमच्या बाहेर, जॅकेट न काढता मोबाइलवर. तिथे वेगळंच जग निघालं. जगभरातल्या पुरुषांचे शुक्राणू गेली कित्येक दशकं कमी होत चालले आहेत, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. दुसरे म्हणतात, थांबा, पूर्वी मोजायची पद्धत वेगळी होती, मोजलेली माणसं वेगळी होती, एवढी घाई नको. कारणांची तर रांगच. प्लास्टिक, कीटकनाशकं, तंबाखू, दारू, पोट सुटणं, मांडीवरचा लॅपटॉप, घट्ट जीन्स, गरम पाणी, काळजी. शेवटचं वाचून मी जास्तच काळजी करायला लागलो.

पहिल्यांदा मला बरं वाटलं. म्हणजे हे माझं एकट्याचं नाही, अख्ख्या जमान्याचं आहे. दुसऱ्या मिनिटाला वाटलं, जमान्याला जाऊन कोण विचारणार, पोरं का नाहीत म्हणून? मलाच विचारणार.

घरात मी धुमाकूळ घातला. प्लास्टिकचे डबे कामवाल्या अक्कांना दिले, स्टीलच्या बाटल्या आणल्या, गार पाण्याने अंघोळ सुरू केली, ढगळ चड्ड्या घेतल्या. अश्विनी फक्त मिठाचा डबा कुठे गेला विचारत होती. द्राक्षं घरात आणायची बंद केली, फवारणीचं औषध असतं म्हणून. तंबाखूवर माझा सगळ्यात जास्त संशय होता. मी कधी खाल्ली नाही, पण निपाणीत लहानपण गेलं, आप्पा तंबाखूच्या वखारीत कामाला. ते संध्याकाळी घरी आले की आम्हा सगळ्या भावंडांना शिंका यायच्या. पण त्याच वखारीत जन्म काढलेल्या आप्पांना आम्ही पाच मुलं. मग तंबाखूला दोष कसा देणार? आप्पा असते तर त्यांना विचारलं असतं, असं वाटलं, आणि लगेच वाटलं, काय विचारलं असतं?

*

निपाणीला अव्वा, म्हणजे माझी आई, असते. तिला मी फोनवर सांगितलं. फार सोपं करून सांगितलं, की अश्विनीचं सगळं चांगलं आहे, माझ्यातच कमी आहे. ती म्हणाली, "आसू दे. कुनाला सांगत बसू नको."

चार-पाच दिवसांनी माझ्या थोरल्या बहिणीचा अश्विनीला फोन आला. स्पीकरवर होता, म्हणून मलाही ऐकू आला. "अव्वा सांगितली गं. तुझ्यात कायतरी हाय म्हणं. तू काय मनाला लावून घेऊ नको. आमच्या जावेला बी उशिराच झालं."

अश्विनी नुसतं "होय अक्का, होय" म्हणाली. फोन ठेवला आणि वह्या तपासायला बसली. लाल पेन एकाच ओळीवर फिरत होतं.

मी बाहेर जाऊन अव्वाला फोन लावला. ओरडलोच मी. तिने ऐकून घेतलं.

"मग काय सांगू लोकास्नी? माझा ल्योक आसा हाय म्हणून? गड्याला तोंड दाखवायला जागा ऱ्हात न्हाई. बाईमाणसाचं चालून जातंय रं."

मी आत आलो. अश्विनीने सगळं ऐकलं होतं, अव्वा फोनवर मोठ्यानेच बोलते आणि आमच्या भिंती पातळ आहेत. "माझं चालून जातंय होय?" तिने विचारलं. त्या आठवड्यात आम्ही एकमेकांशी दूध, गॅस आणि किल्ली याबद्दलच बोललो.

*

पुढची पाळी येऊन गेली, क्लिनिकला आम्ही काही कळवलं नाही. मी मोबाइलवर काय वाचतोय ते बघून कामावरच्या एकाने मला दुसऱ्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. तोही त्याच वाटेने गेलेला होता, वर्षानुवर्षं माझ्या शेजारी खोके चढवत होता आणि मला पत्ता नव्हता. हे डॉक्टर मल्लेश्वरमला एका शाळेच्या मागे बसतात, पुरुषांचेच डॉक्टर. वय झालेलं, तरुणपणी बेळगावला होते म्हणून मराठी बोलतात, मधूनमधून कन्नड घालून.

त्यांनी रिपोर्ट बघितला. मग मला विचारलं, "सँपल कसं दिलं?"

मी खुलून सांगितलं. खोका, जेल पॅक, टेप. किती वेळात पोचलो तेही. ते चष्म्यावरून बघत राहिले.

"बर्फात?"

"बर्फ नाही, जेल पॅक. गळत नाहीत."

"अय्यो, महेश," ते म्हणाले, "तुम्ही काय गुलाब पाठवालात काय लंडनला? शुक्राणू अंगाच्या गरमीत ठेवायचे. खिशात, नाहीतर काखेत धरून आणायचे. एकदम गार झाले की त्यांची शेपटी चालत नाही. कोणी विचारलंच नाही तुम्हाला?"

कोणी विचारलं नव्हतं. आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. अश्विनीने विचारलं होतं. ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून टेबलावरचा पेपरवेट बघत होती. मला वाटलं आता ती भडकणार. तिचे खांदे हलायला लागले तेव्हा वाटलं रडतेय. ती हसत होती. तोंडावर ओढणी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग डॉक्टर हसले. मी हसलो नाही. एवढ्या दिवसांचं जे काही मी सोसलं ते खरं होतं की खोटं, हेच मला ठरवता येईना.

तर, हा या लिखाणातला खरा सल्ला. डबी घरून नेणार असाल तर अंगाशी धरून न्या. आणि एका रिपोर्टवर जन्माचं काही ठरवू नका.

*

आता सगळं मिटलं असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पुन्हा तपासणी केली, या वेळी त्याच खोलीत. अटेंडरला डॉक्टरांच्या नावाने निरोप दिला होता की दार वाजवू नको. रिपोर्टमध्ये ते हलत होते. चांगले हलत होते म्हणे. पण कमीच होते. तिसऱ्या वेळी आणखी कमी. चौथ्या वेळी थोडे जास्त. "हे टोमॅटोच्या भावासारखं आहे," डॉक्टर म्हणाले, "एक दिवस बघून मंडई कळत नाही." तपासल्यावर त्यांना अंडकोशात एका बाजूला फुगलेल्या शिरा सापडल्या. त्यामुळे तिथली उष्णता वाढते, आणि कधी कधी शुक्राणू कमी होतात. कधी कधी होतही नाहीत. ऑपरेशनने फायदा होईल? बऱ्याच जणांना होतो. मला होईल? "नोडोणा," म्हणाले, बघू या.

ऑपरेशनला एक रात्र राहावं लागलं. मागे नाड्या बांधायचा तो झगा मी पुढे नाड्या करून घातला आणि नर्सने पुन्हा काढायला लावला. शेजारच्या खाटेवर मुतखड्याचे एक गृहस्थ होते, शिमोग्याचे. त्यांनी विचारलं, कसलं ऑपरेशन? मी म्हणालो, हर्निया. झालं. त्यांच्या तीन नातलगांना हर्निया झालेला. जाळी बसवली का, कुठल्या बाजूला, वजन काय उचललं होतंत, अशी त्यांनी माझी सकाळपर्यंत उलटतपासणी केली. मी प्रत्येक प्रश्नाला नवीन थाप मारत होतो. अश्विनी पायथ्याशी स्टुलावर बसून माझ्यासाठी इडलीचे तुकडे करत होती. ते गृहस्थ बाथरूमला गेले की हळूच म्हणायची, "जाळी कुठल्या कंपनीची ते सांगितलंस का?" दुखत होतं तरी मला ती सकाळ आवडली.

*

नवे शुक्राणू तयार व्हायला जवळजवळ तीन महिने लागतात, म्हणून थांबलो. मग पुन्हा डबी. आकडा वर आला होता. रिपोर्टवर माझ्या आकड्याशेजारी छापलं होतं, नॉर्मल. मी तो कागद घेऊन डॉक्टरांकडे धावलो.

"हो, नॉर्मल," ते म्हणाले. मग म्हणाले, "मी शिकत होतो तेव्हा याला आम्ही कमी म्हणायचो."

मला कळेना. त्यांनी समजावलं. नॉर्मलची खालची रेषा त्या काळी वर होती. नंतर, ज्यांना खरोखर मुलं झाली अशा बापांची मोजणी करून ती नव्याने काढली, ती खाली आली.

"म्हणजे पुरुष बदलले, की रेषा बदलली?"

"दोन्ही असेल. भांडण चालू आहे अजून."

"मग मी नॉर्मल आहे की नाही?"

"महेश, रेषेच्या खालच्यांना मुलं होतात, वरच्यांना होत नाहीत. मला तुमच्याबद्दल विचारा, पुरुषजातीबद्दल नको."

"माझ्याबद्दलच विचारतोय."

त्यांनी हात उघडे केले. एवढा शिकलेला माणूस, आणि त्याच्याकडे माझ्यासाठी हो किंवा नाही नव्हतं. मला त्यांचा राग आला, आणि खोटं बोलले नाहीत म्हणून थोडं बरंही वाटलं.

*

महिने गेले, काही झालं नाही. अश्विनीचं वय वाढत होतं. एका रविवारी भाजी निवडताना ती म्हणाली, "तुझी रेषा वर-खाली होऊ दे. माझी वेळ थांबणार नाही आता." आम्ही परत त्या पहिल्या क्लिनिकमध्ये गेलो. टेस्ट ट्यूब करायचं ठरलं. आधी माझा एक नमुना त्यांनी गोठवून ठेवला. गोठवून! मी जागीच उभा राहिलो. ते वेगळं, म्हणाले, त्यात औषध घालून हळूहळू करतात. मी वाद घातला नाही. गार करण्याबद्दल मला काही कळतं असं मी आता म्हणत नाही.

अश्विनीच्या पोटावर रोज इंजेक्शन. मी द्यायला शिकलो. जिथे टोचायचो तिथे निळं व्हायचं, म्हणून रोज नवी जागा शोधायची. माझ्या कमीसाठी तिचं पोट निळं होतंय, हे बघताना मला तिच्या तोंडाकडे बघवत नसे.

मग संमतीचे कागद आले. त्यात एक प्रश्न होता. त्या दिवशी नवऱ्याचा नमुना उपयोगाचा निघाला नाही, गोठवलेलाही चालला नाही, तर डोनरचा वापरायचा का? हो की नाही. दोघांची सही.

अश्विनीने कागद माझ्याकडे सरकवला आणि खिडकीबाहेर बघत बसली. तिला मूल हवं होतं. माझंच हवं होतं का, हे मी कधी विचारलं नव्हतं, आणि तिने सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर मला लागलं असतं. मला काय हवं होतं? आप्पांचं नाक? निपाणीच्या लोकांनी म्हणावं, अगदी बापावर गेलाय? एवढे महिने मी शोधत होतो की दोष कुणाचा, प्लास्टिकचा, तंबाखूचा, जमान्याचा की माझा. या प्रश्नाचा आणि त्याचा काही संबंधच नव्हता. मला सगळं उमगलं होतं अशातला भाग नाही. मी "हो" वर खूण केली आणि सही केली. अश्विनीने कागद बघितला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

त्या संध्याकाळी मी अव्वाला तेही सांगितलं. या खेपेला तिने फोन ठेवूनच दिला.

*

त्या दिवशी माझाच नमुना चालला. मी दिला तसाच त्यांनी तो वापरला, डोनरची गरज पडली नाही. पहिल्या वेळी गर्भ राहिला नाही. दुसऱ्या वेळी, तेव्हाही माझ्याच नमुन्यावर, राहिला. हे लिहितोय तेव्हा अश्विनीला पाचवा महिना आहे. पुढचं पुढे. अजूनही मी प्रत्येक सोनोग्राफीला दारातच घाबरतो.

तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. मग अव्वाला फोन केला. अश्विनी शेजारी बसून शेंगा सोलत होती, फोन स्पीकरवर. अव्वा रडली, देवाचं नाव घेतलं, पुन्हा रडली. मग तिचा आवाज खाली आला.

"एक इचारू?"

"विचार की."

"त्ये... कुनाचं वापरलं रं शेवटी?"

शेंगा सोलायचा आवाज थांबला. उत्तर अगदी सोपं होतं आणि खरं होतं. एक शब्द म्हटला असता तर अव्वा त्याच दिवशी पेढे वाटून आली असती, आणि मीही एकदाचा मोकळा झालो असतो. मी अश्विनीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, हातातल्या शेंगेकडे बघत होती.

"आमचं हाय, अव्वा."

"तसं न्हवं रं. तुझंच का?"

"आमचं हाय म्हटलं नव्हं."

पलीकडे काहीतरी खट्कन वाजलं. मला वाटलं, पुन्हा ठेवला फोन.

"बरं," अव्वा म्हणाली. "फोन तिच्याकडं दे. काय खावंसं वाटतंय, तिलाच इचारते."